दहा मिनिटांची सुई

इंजिन बंद केल्यावर पेट्रोलच्या दाबाची सुई तीनवर थांबायला पाहिजे होती. ती आधी थांबल्यासारखं करायची, निघालेला पाहुणा चपला शोधत दारात रेंगाळतो तसं, आणि मग सावकाश खाली उतरून शून्यावर जाऊन बसायची. त्याला चार मिनिटं लागत. कधी साडेतीन. व्यंकटनं जानेवारीपासून हे इतक्या वेळा पाहिलं होतं की शून्यावर बसलेली सुई त्याला आता घरच्या माणसासारखी वाटायला लागली होती. घरात दुसरं माणूस नव्हतंही.

जळकोटच्या बाहेर, उदगीरच्या रस्त्याला, त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आत एक जुनी पांढरी गाडी उभी होती. मूळची ती एका डॉक्टरची. डॉक्टरांनी तिची आशा सोडल्यावर व्यंकट आणि त्याचा दोस्त पंढरी, दोघांनी ती आणली आणि रेसची केली. रेसची केली म्हणजे मागची सीट, गालिचा, रेडिओ, जे जे काढता येईल ते काढलं. मग गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला. पिंजऱ्याचे पाईप वस्तीवरच्या हापशाचे होते. हापसा आटून दोन वर्षं झाली होती. त्यातून पाणी येण्यापेक्षा त्यातून व्यंकट जिवंत बाहेर येण्याची शक्यता जास्त, असा विचार करून वस्तीनं पाईप नेऊ दिले. तेव्हापासून लोक म्हणत, यंकटनं गाडीला हापसा बसवलाय, आता खालून पेट्रोल लागंल.

त्या वर्षी आमच्याकडं दोन गोष्टी नव्हत्या. एक पाणी आणि दुसरा जिल्हा. पाणी तिकडं लातूरला रेल्वेनं यायला लागलं होतं. जिल्ह्याचं तसं काही करता येत नव्हतं. नवा जिल्हा होणार, त्यात आपला तालुका जाणार, अशी बातमी दर आठवड्याला यायची आणि टँकरसारखीच अर्ध्या वाटेवर गळून संपायची. तरी शेषेराव काकांनी ‘नियोजित जिल्हा कृती समिती’ काढली होती. काका एसटीत बत्तीस वर्षं कंट्रोलर होते. न आलेल्या गाडीची घोषणा करण्याचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांनी शिक्का केला, लेटरहेड छापलं, आणि ज्याच्या-त्याच्या पुढं कंसात ‘नियोजित’ लिहायला सुरुवात केली. जिल्हाधिकारी कार्यालय (नियोजित). विमानतळ (नियोजित). मग त्यांच्या ध्यानात आलं की जिल्ह्याला क्रीडा संकुल लागतं, आणि तलाव आटल्यामुळं सव्वाशे एकराचं सपाट मैदान तर आयतंच तयार झालंय. म्हणून तलावाच्या पोटात मोटारींची शर्यत ठरली. तीनदा पुढं ढकलल्यावर मे महिन्याचा पहिला ऐतवार कायम झाला.

नियम एकच होता. गाडीत दोन माणसं पाहिजेत, चालक आणि सोबती. तलावात धुरळा असा उठायचा की चालकाला स्वतःचा हात दिसू नये, आणि मधोमध बुडालेल्या जुन्या गावाची विहीर उघडी पडली होती. कुठं वळायचं हे सोबत्यानं वाचून सांगायचं. पंढरीनं सगळा तलाव पायी फिरून एका शंभर पानी वहीत वळणं लिहून ठेवली होती. ‘बाभळीचं खोड, डावं. देवळाची पायरी, सरळ, पण हळू. जुनी विहीर, उजवं. लई उजवं.’

आणि मग संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी पंढरी पुण्याला गेला.

तो गेला तेव्हा व्यंकट गाडीखाली होता. बाहेर त्याचे फक्त पाय होते. पंढरीनं निरोप घेतला तो त्या पायांचा.

“यंक्या, जातो मी. साडेदहाची गाडी हाय.”

पाय हलले नाहीत. वर हातोडीचा आवाज चालू होता.

पंढरी आणखी काहीतरी बोलला. पायांच्या मालकानं हात बाहेर काढला. “पाना दे. बारा-तेराचा.”

पंढरीनं पाना दिला. मग जरा वेळ तिथंच उकिडवा बसला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळून आला. “सुई दहा मिनिटं थांबली पाहिजे. थांबली की फोन कर. कुठंबी असलो तरी येतो. डाव्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवू नको.”

“हं,” व्यंकट म्हणाला. त्याला खरं तर आणखी बरंच म्हणायचं होतं, जाऊ नको वगैरे, पण गाडीखाली पडून तसलं बोलता येत नाही. तोंडात माती पडते.

तो बाहेर आला तेव्हा पाना त्याच्या हातात होता आणि एसटी जाऊन तास झाला होता. गॅरेजातली सगळी भांडी मात्र पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. घागर, हंडा, दोन बादल्या, बंद कूलरची टाकी, चहाची किटली, एवढंच काय, जुन्या ग्रीसचा डबाही. दारातल्या दगडावर शेजारची केवळाबाई बसली होती. म्हातारी एकटीच असायची. टँकरच्या रांगेत तिची घागर सगळ्यांच्या आधी.

“मावशी, हे तुम्ही भरलं?”

केवळाबाईनं भांड्यांकडं पाहिलं, व्यंकटकडं पाहिलं. “हाव,” ती म्हणाली.

व्यंकटला गहिवरून आलं. ज्याच्यासोबत पाच वर्षं काढली तो पाठ फिरवून गेला, आणि शेजारच्या म्हातारीनं पाणी भरलं. त्या दिवसापासून रोज चार वाजता केवळाबाईला गॅरेजात चहा सुरू झाला.

दोन दिवसांनी तो पेट्रोल आणायला गेला. काळा, वीस लिटरचा कॅन. उचलताना जरा जड लागला, पण त्या आठवड्यात त्याला सगळंच जड लागत होतं. पंपावर एक चमत्कार झाला. मीटर पंधरावर असतानाच पेट्रोल तोंडाशी आलं. पंधरा लिटरच्या पैशात वीस लिटर देणारं मशीन उभ्या मराठवाड्यात कुणी पाहिलं नव्हतं. व्यंकटनं झाकण लावलं, मान खाली घातली आणि मोटारसायकलला किक मारून तिथून निघाला. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. सांगायला कुणी नव्हतंही.

पंढरी पुण्यात गाड्या धुण्याच्या सेंटरवर लागला होता. जळकोटचा माणूस आणि दिवसभर पाण्यात. तो फोन करायचा नाही, मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा. त्यात तो स्वतः नसायचा, नुसता पाण्याचा फवारा आणि एखादी गाडी. एक व्हिडिओ व्यंकटनं अकरा वेळा पाहिला. पहिल्या वेळी पंढरीचा आवाज कुठं ऐकू येतो का म्हणून, बाकीच्या दहा वेळा पाण्यासाठी. फोन त्यानंही केला नाही. ठरलं होतं ना, सुई थांबली की.

गोष्ट तशी सोपी होती. टाकीतला पंप पेट्रोल इंजिनाकडं ढकलतो. वाटेत प्रेशर रेग्युलेटर नावाची लिंबाएवढी वस्तू असते. दाब जास्त झाला की ती तोंड उघडते आणि जादाचं पेट्रोल परत टाकीत सोडते, नाहीतर तोंड गच्च मिटून बसते. व्यंकटच्या रेग्युलेटरचं तोंड मिटत नव्हतं. जुना होता, डॉक्टरांच्या वेळचा. दुसरा लातूरला मिळाला तो फेब्रुवारी संपता संपता. तोही गळला. तिसरा एप्रिलमध्ये. आठवडाभरात त्याचीही सुई चार मिनिटांत शून्यावर. गावात चोरी झाली की पोलीस त्याच एका माणसाला उचलतात, तसा व्यंकट तीन महिने रेग्युलेटरलाच उचलत होता.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी शेषेराव काका शिट्टी गळ्यात घालून आले. निवृत्तीनंतरही ती गळ्यातून निघाली नव्हती.

“व्यंकटराव, अर्ज. तुमचा सोबत्याचा रकाना रिकामा हाय.”

“येणार हाय तो, काका.”

“कधी?”

“सुई थांबली की.”

काकांनी बोनेटमध्ये डोकं घालून सुईकडं पाहिलं. ती उतरत होती. “बत्तीस वर्षं मी गाडीची वाट पाहणारी माणसं पाहिली,” ते म्हणाले. “सुईची वाट पाहणारा पयलाच पाहायलो. ऐतवारी सकाळी नऊपर्यंत अर्ज द्या. एकट्या माणसाला तलावात सोडणार न्हाई मी. विहीर हाय तिथं.”

काका गेले. व्यंकटनं ठरवलं की आता कुणावर आळ घ्यायचा नाही, नीट चौकशी करायची. संशयित तिघं. टाकीतला पंप, इंजिनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर आणि तोच तो. त्यानं टाकीकडून येणारा पाईप चिमट्यानं दाबला. सुई तरी पडली. म्हणजे पंप सुटला. इंजेक्टर बाहेर काढून खाली पांढरा कागद धरला. कागद कोरडा. इंजेक्टरही सुटले. मग परतीचा पाईप दाबला. सुई तीनवर उभी राहिली, जशी काही कधी पडलीच नव्हती. चिमटा काढला की पडली. गळती पुन्हा रेग्युलेटरमधूनच.

पण तीन वेगवेगळ्या रेग्युलेटरना एकच खोड कशी लागेल? घराण्याचा दोष म्हणावा तर ती काही भावकी नव्हती. व्यंकटनं आधी काढून ठेवलेला दुसरा रेग्युलेटर पकडीत आवळला आणि करवतीनं मधोमध कापला. एव्हाना चार वाजले होते. केवळाबाई कपात बोट बुडवून चहा गरम आहे का पाहत होती.

जिथं तोंड मिटायचं तिथं एक लाल कण बसला होता. मोहरीच्या निम्मा. तेवढ्या कणामुळं तोंड उघडं राहत होतं.

“गंज,” व्यंकट म्हणाला. त्यानं इंजेक्टरची लोखंडी नळी काढून ठोकली. कागदावर लाल भुकटी पडली. “आतून गंजलीय, मावशी. नळीतला गंज तिथं जाऊन बसून राहिला.”

“गंज कशानं येतो?”

“पाण्यानं.”

“पाणी?” केवळाबाईनं चटकन रस्त्याकडं पाहिलं. टँकर नव्हता.

व्यंकटही विचारात पडला. बोअर सातशे फुटांवर कोरडे. तलावात मोटारींची शर्यत. एवढं सगळं कोरडं असताना पाणी होतं ते फक्त व्यंकटच्या पेट्रोलमध्ये. हे जर शेषेराव काकांना कळलं असतं तर त्यांनी त्यावर ‘पाणीपुरवठा योजना (नियोजित)’ असा फलक लावला असता.

केवळाबाईनं कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. तिनं अर्धा चहा कधी ठेवला नव्हता.

“त्या काळ्या डब्यात असंल,” ती म्हणाली.

“कोणत्या?”

“त्याच. त्या पोरानं भरला होता. जायच्या दिवशी पहाटंपसून टँकरपाशी उभा होता बघ. समदी भांडी भरली. तरी चार-पाच लिटर उरलं. सांडावं तर पाप. मग म्हणला, मावशी, ह्यो कॅन रिकामाच हाय. पुसला आन त्यात वतलं.”

व्यंकटनं हातातली नळी खाली ठेवली. “तुम्ही तर म्हणला होता, तुम्ही भरलं.”

“तू इचारलंस, म्या हाव म्हणलं. लई दिसांनी कुणी काई इचारलं होतं.”

“तीन महिने?”

“मंग सांगू कवा? तू रोज चहा द्यायला लागला. चहा पिता पिता सांगवत न्हाई. आन चहा नसता तर मी इथं कशाला आले असते?”

या बोलण्यातली चूक व्यंकटला सापडली नाही. त्यानं कॅन उचलला. इतके दिवस तो वरूनवरून थोडं थोडं ओतून घेत आला होता. तळचं अजून कधी आलंच नव्हतं, फक्त ओतताना हिंदकळून थोडं थोडं मिसळत गेलं होतं. त्यानं उरलेलं काचेच्या बरणीत काढलं. वर पेट्रोल, पिवळसर. खाली पाणी. मधे पट्टी धरून आखल्यासारखी रेघ. पंपाच्या मशीननं जगाच्या इतिहासात कुणालाही काही जादा दिलं नव्हतं. जादाचं जे होतं ते पंढरीनं दिलं होतं.

वरचं पेट्रोल त्यानं वेगळं केलं. खालचं पाणी फेकायला तो दारापर्यंत गेला आणि घमेल्यात ओतून उन्हात ठेवून आला.

शुक्रवारभर त्यानं टाकी रिकामी केली, नळ्या रॉकेलनं धुतल्या, रेग्युलेटरचं तोंड कापडानं पुसलं, तान्ह्या लेकराचं पुसावं तसं. शनिवारी दुपारी नव्या कॅनमधलं नवं पेट्रोल घातलं. चार वाजता इंजिन चालू करून, तापवून, बंद केलं आणि मोबाईलवर घड्याळ लावलं.

एक मिनिट. सुई तीनवर. दोन. केवळाबाई चहा मागायची विसरली. चार मिनिटं झाली, जिथं ती नेहमी पोचायची तिथं ती पोचली नाही. सहाव्या मिनिटाला व्यंकटला दिसलं की आपण फोन लावलेला आहे.

तिकडं पाण्याचा प्रचंड आवाज होता. “कोण? यंक्या? थांब, पंप बंद करतो.” आवाज थांबला. तीन महिन्यांनी दोघं एकमेकांचा श्वास ऐकत होते. “थांबली?”

“सहा मिनिटं झाली. तीनवर हाय.”

पंढरी म्हणाला, “सहा?”

“हाव. पंढ्या, काळ्या कॅनमधी पाणी तू भरलं होतं का?”

“मंग! चार-पाच लिटर उरलं होतं. पेलं का न्हाई?”

“गाडीनं पेलं.”

पंढरी हसला. हसता हसता त्याला उमगलं. “आयला. मंजी गंज... मंजी माझ्यामुळं रे?”

“सांगायचं होतं ना.”

“सांगितलं की! पायापाशी उभा राहून सांगितलं, कॅनमधी पाणी हाय, पेऊन टाक. तू म्हणला, पाना दे.”

व्यंकटनं आपल्या पायांकडं पाहिलं. त्यांनी तीन महिने एक शब्द काढला नव्हता.

“किती झाली?” पंढरीनं विचारलं.

“आठ.”

“उद्या ऐतवार हाय न्हवं.”

“हाव.”

“ऐतवारी इथं लई गाड्या असतेत. मालक म्हणतो, ऐतवारी जो जाईल त्यानं माघारी यायचं न्हाई.” तो थांबला. “पण म्या बोललोय तुला. थांबली तर निघतो. आता निघालो तर सकाळच्याला पोचतो. खोलीचं काय ते बघता येईल. म्हणजे, दुसरं काम बी भेटंल कुठं तरी. तू सांग.”

व्यंकटला तो आवाज ओळखीचा होता. वजनाखाली दबलेल्या जॅकचा असा आवाज येतो. अजून पडलेला नसतो, पण त्याच्याखाली हात घालू नये.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद. सुई खिळा ठोकल्यासारखी उभी होती.

“थांब,” व्यंकट म्हणाला. “हालली.”

“हालली?”

“पडायली रे. अडीचवर आली.”

तिकडून एक लांब श्वास सुटला. नंतर पंढरी म्हणाला, “आरं आरं आरं,” आणि त्यात दुःख होतं तेही खरं होतं. “पुढल्या खेपेला थांबंल.”

“थांबंल की.”

“पंप चालू करतो. गाडी उभी हाय.”

पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पंढरी फोन बंद करायला विसरला होता. व्यंकटनं बराच वेळ कानाला लावून ते पाणी ऐकलं. मग फोन आपोआप कटला.

“थांबलीय की ती,” केवळाबाई म्हणाली.

“हाव.”

“मंग खोटं कामून बोलला?”

“तुम्ही तीन महिने बोलला.”

“म्या चहासाठी बोलले.”

व्यंकटनं स्टोव्ह पेटवला. चहा उकळला तेव्हा घड्याळावर चौदा मिनिटं होती आणि सुई तीनवर.

“उद्या दोन माणसं लागतेत म्हणं,” केवळाबाई कप घेत म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की तो आपल्याकडं बघतोय. “माझ्याकडं नको बघू. उद्या टँकर हाय.”

ऐतवारी सकाळी त्यानं घमेलं आत आणलं. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं, त्याच्या नादानं थोडं पाणीही गेलं होतं. उरलेलं वास घेऊन पाहिलं आणि गाडीच्या अर्ध्याच भरलेल्या रेडिएटरमध्ये ओतलं. बरोबर मावलं.

तलावात मांडव होता, भोंगा होता, पाच गाड्या होत्या आणि ‘जिल्हा क्रीडा संकुल (नियोजित)’ असा कापडी फलक होता. शेषेराव काका फलकाखाली टेबल टाकून बसले होते. व्यंकटनं अर्ज पुढं केला. काकांनी तो वाचला.

चालक: व्यंकट. सोबती: पंढरी (नियोजित).

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग उठून गाडीपाशी गेले. डाव्या सीटवर शंभर पानी वही होती आणि तिच्यावरून पट्टा आवळलेला होता.

“हे काय, व्यंकटराव?”

“येणार हाय तो.”

काकांनी वर फलकाकडं पाहिलं. हातातल्या लेटरहेडकडं पाहिलं. तलावाच्या भेगाळलेल्या पोटाकडं पाहिलं, जिथं अजून कुठलाही जिल्हा आलेला नव्हता. मग टेबलापाशी येऊन शिक्का उचलला. शाईचा पॅड वाळला होता. त्यांनी शिक्क्यावर दोनदा हा-हा करून वाफ दिली आणि अर्जावर दाबला. फिकट का होईना, उमटला.

“विहिरीपाशी हळू,” ते म्हणाले. “दोघंबी.”

शिट्टी झाली. गाडी पहिल्याच फटक्यात उठली, काळा धूर नाही, घरघर नाही. पन्नास पावलांवर धुरळ्यानं तिला गिळलं. आत काही दिसत नव्हतं. ना रस्ता, ना पुढची गाडी, ना डावी सीट. व्यंकटला वही उघडायची गरज नव्हती, ती त्याला केव्हाच पाठ झाली होती.

“बाभळीचं खोड,” तो मोठ्यानं म्हणाला, “डावं.” आणि डावीकडं वळला. “देवळाची पायरी. सरळ, पण हळू.” त्यानं गाडी हळू केली. तापमानाचा काटा जागेवर होता.

“जुनी विहीर. उजवं.”

तो क्षणभर थांबला, पंढरी थांबायचा तेवढाच.

“लई उजवं.”